उतरवता न आलेला झेंडा

१७ जून २०१५ च्या रात्री अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन शहरातल्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलचे वाचन चालू होते. एकवीस वर्षांचा एक गोरा तरुण आत आला. तिथल्या लोकांनी त्याला आपल्यात बसवून घेतले. बराच वेळ तो त्यांच्यासोबत बसला, आणि मग पिस्तूल काढून त्याने नऊ कृष्णवर्णीय माणसांना ठार मारले. त्यात चर्चचे पाद्री क्लेमेंटा पिंकनी होते. ते राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते.

राजधानी कोलंबियात विधानभवनाच्या घुमटावरचे दोन झेंडे, देशाचा आणि राज्याचा, दुखवट्यासाठी अर्ध्यावर आले. त्याच आवारात तिसराही एक झेंडा होता, दीडशे वर्षांपूर्वी देशातून फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सैन्याचा, ज्याला सगळे ‘कॉन्फेडरेट झेंडा’ म्हणतात तो. तांबडा, त्यावर निळी तिरपी फुली, फुलीत पांढरे तारे. तो मात्र खांबाच्या टोकाला फडकत राहिला. त्या खांबाला झेंडा अर्ध्यावर आणायची कप्पीच नव्हती. एक तर तो वर राहणार, नाही तर पूर्ण निघणार. आणि काढायचा तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते हवीत, असा राज्याचा कायदा होता. खुनी तरुणाने याच झेंड्यासोबत काढलेले फोटो तोवर साऱ्या देशाने पाहिले होते. आठवड्याभरात पिंकनींचे पार्थिव दर्शनासाठी विधानभवनात आणले, तेव्हाही झेंडा जागच्या जागी होता. आतून तो दिसू नये म्हणून खिडकीवर काळे कापड लावले होते.

त्या काळ्या कापडाची गोष्ट वाचली तेव्हापासून हा झेंडा माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना तो हायवेच्या कडेला, पिकअप ट्रकच्या मागे, कुणाच्या टोपीवर दिसतो. विचारले तर एक जण सांगतो, ‘हा आमच्या पूर्वजांच्या शौर्याचा वारसा आहे.’ दुसरा सांगतो, ‘ही माझ्या पणजोबांना विकणाऱ्यांची खूण आहे.’ दोघेही मनापासून बोलत असतात. मग खरे कोणाचे? मला वाटते, त्यांच्या मनात काय आहे यावर वाद घालत बसण्यापेक्षा झेंड्याच्या तारखा पाहाव्यात. तो कधी शिवला गेला, कधी कपाटात गेला, पुन्हा कधी बाहेर आला आणि कोणाच्या डोळ्यांसमोर फडकवला गेला.

पहिली तारीख २० डिसेंबर १८६०. अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून आले आणि दीड महिन्यात साउथ कॅरोलायना देशातून फुटून निघाले. त्यामागे एकेक करत आणखी दहा राज्ये गेली. त्यांनी आपले वेगळे सरकार मांडले, तेच कॉन्फेडरसी. त्यानंतर चार वर्षे जे यादवी युद्ध झाले त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले.

या राज्यांनी लढाई कशासाठी केली? झेंड्याची बाजू घेणारे बहुतेक जण सांगतात, राज्यांच्या अधिकारांसाठी. दिल्लीने महाराष्ट्राला काय सांगावे, अशा धर्तीचा तो वाद होता. पण फुटून निघणाऱ्या राज्यांनी कारणे स्वतःच लिहून ठेवली आहेत, त्यामुळे इथे कुणाला अंदाज बांधायची गरज नाही. मिसिसिपीच्या जाहीरनाम्याने सुरुवातीलाच म्हटले की आमची भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. साउथ कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यात तर तक्रारच उलटी आहे: पळून गेलेले गुलाम उत्तरेकडची राज्ये परत करत नाहीत, केंद्राचा कायदा त्यांच्यावर बसवला जात नाही! म्हणजे उत्तरेतल्या राज्याने आपल्या हद्दीत माणसाला माणूस मानायचे ठरवले, तर त्या राज्याचा तो अधिकार दक्षिणेला मान्य नव्हता. नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सवाना इथल्या भाषणात सांगितले की आमच्या सरकारची कोनशिलाच ही आहे, की निग्रो गोऱ्या माणसाच्या बरोबरीचा नाही. त्यांच्या राज्यघटनेत गुलामांवरच्या मालकीहक्काला बाधा आणणारा कायदा करायला मनाई होती.

हे सगळे उघड लिहिलेले होते आणि जगाला कळतही होते. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली, ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त केल्याबद्दल. समुद्रापलीकडे झालेल्या त्या युद्धाचा अर्थ त्यांना आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांच्या स्थितीवरून अचूक लागला होता. (त्याच युद्धाने मुंबईत पैशाचा पूर आणला होता. अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, मग आपल्याकडच्या कापसाचा भाव कित्येक पटींनी चढला, शेअरचा सट्टा पेटला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. शहराच्या त्या श्रीमंतीचा धागा कुठे जाऊन पोचतो, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवे असे मला नेहमी वाटते.)

आता झेंड्याकडे येऊ. ज्याला सगळे ‘कॉन्फेडरेट झेंडा’ म्हणतात तो त्या सरकारचा राष्ट्रध्वज कधीच नव्हता. मार्च १८६१ मध्ये त्यांनी घेतलेला पहिला ध्वज वेगळा होता: तांबडा, पांढरा, तांबडा असे तीन पट्टे आणि कोपऱ्यात निळ्या चौकोनात ताऱ्यांचे वर्तुळ. तो अमेरिकेच्या झेंड्यासारखाच दिसायचा आणि त्यातूनच घोळ झाला. २१ जुलै १८६१ ला मॅनॅससच्या लढाईत धूळ उडाली होती, वारा पडला होता, झेंडे काठीला लोंबत होते. समोरून येणारी पलटण आपली की शत्रूची, हे सेनापती ब्यूरेगार्ड यांना दुर्बिणीतूनही कळेना. म्हणून रणांगणासाठी वेगळे निशाण ठरले. ते होते विल्यम पोर्चर माइल्स या लोकप्रतिनिधीने सुचवलेले तिरप्या फुलीचे, चौकोनी निशाण. माइल्सच्या मनातली फुली आधी उभी होती, ख्रिस्ती क्रूसासारखी. एका ज्यू नागरिकाने त्याला पत्र लिहून विनंती केली की साऱ्या राष्ट्राच्या खुणेत एकाच धर्माचे चिन्ह नको, आणि त्याने फुली तिरपी केली. एका अल्पसंख्याकाच्या मनाला लागू नये म्हणून फुली फिरवणाऱ्या या माणसाला त्याच दक्षिणेत गुलाम म्हणून राबणाऱ्या लक्षावधी लोकांच्या मनाचा विचार शिवला नाही. ही गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

म्हणजे हे सैनिकांचे निशाण होते, सरकारचे नव्हे. तेव्हा गुलामगिरीचा दोष त्याच्या माथी का मारायचा? हा युक्तिवाद इथून निघतो आणि तो पोकळ नाही. फुटलेल्या राज्यांतल्या बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. एप्रिल १८६२ पासून सक्तीची भरती होती, मनात असो वा नसो. त्यात त्याच वर्षी नियम झाला की वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावरच्या एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट. गरीब शिपाई म्हणू लागले, युद्ध श्रीमंतांचे आणि लढणार गरीब. अशा एखाद्या शिपायाच्या खापरपणतूने त्याच्या थडग्यावर छोटे निशाण लावले, तर तो माणसांची खरेदी-विक्री साजरी करतोय असे मी म्हणणार नाही.

पण ‘फक्त सैनिकांचे’ हे पुढे टिकत नाही. १ मे १८६३ रोजी कॉन्फेडरसीने दुसरा राष्ट्रध्वज घेतला, तो होता पांढराशुभ्र आणि कोपऱ्यात हेच रणांगणावरचे निशाण. पांढरा रंग कशासाठी? त्या ध्वजाचा पुरस्कार करणारे सवानातले एक संपादक विल्यम थॉम्प्सन यांनी आपल्या वर्तमानपत्रात लिहिले होते की गोऱ्या माणसाचे देवाने नेमून दिलेले श्रेष्ठत्व टिकवण्यासाठी आपण लढतो आहोत, म्हणून पांढरा ध्वज आपल्या ध्येयाला शोभतो. संसदेतल्या प्रत्येकाच्या मनात नेमके तेच होते असे नाही, पण ही भाषा तेव्हा कुणाला लपवावी लागत नव्हती.

एप्रिल १८६५ मध्ये कॉन्फेडरसीचे सेनापती रॉबर्ट ली यांनी शरणागती पत्करली. त्याच वर्षी डिसेंबरात गुलामगिरी देशाच्या घटनेने बंद झाली. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे हे निशाण मुख्यतः जुन्या सैनिकांच्या मेळाव्यांत, स्मारकांच्या उद्घाटनांत, दफनभूमीत दिसत राहिले. पण तो काळही निर्मळ नव्हता. त्याच वर्षांत ‘आपला पक्ष न्याय्य होता, गुलाम सुखात होते, लढाई गुलामगिरीसाठी नव्हतीच’ अशी कहाणी पुतळ्यांतून आणि पाठ्यपुस्तकांतून दक्षिणेत घट्ट रुजवली गेली. १८९४ साली स्थापन झालेल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या स्त्रियांच्या संस्थेचा त्यात मोठा हात होता. १८९४ सालीच मिसिसिपीने आपल्या राज्यध्वजाच्या कोपऱ्यात हे निशाण घेतले, आणि त्याच्या चार वर्षे आधी त्या राज्याने नव्या घटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ काढून घेतला होता. खुद्द ली यांना युद्धाच्या आठवणी उगाळणे पसंत नव्हते. १८६९ मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवरच्या स्मारकाच्या कामासाठी बोलावणे आले, तेव्हा युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत असे कळवून त्यांनी नकार दिला.

आता ज्या तारखांवर सगळा वाद उभा आहे त्या येतात. १९४८: अध्यक्ष ट्रुमन कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांबद्दल बोलू लागले, तशी दक्षिणेतली नेतेमंडळी आपल्याच पक्षातून फुटली आणि स्ट्रॉम थर्मंड यांना त्यांनी अध्यक्षपदाला उभे केले. त्या प्रचारात हे निशाण राजकीय झेंडा म्हणून नव्याने फडकू लागले. १९५४: गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दोन वर्षांत, १९५६ मध्ये, जॉर्जियाने आपला राज्यध्वज बदलून त्यात हे निशाण बसवले. १९६१: युद्धाच्या शताब्दीचे निमित्त करून साउथ कॅरोलायनाने ते विधानभवनावर चढवले, पुढच्या वर्षी तसा ठराव केला, पण शताब्दी संपल्यावर ते कधी उतरवायचे हे त्यात लिहिलेच नाही. १९६२: जेम्स मेरेडिथ हा कृष्णवर्णीय विद्यार्थी मिसिसिपी विद्यापीठात दाखल होणार म्हणून दंगल झाली, दोन माणसे मेली. त्याच्या आदल्या दिवशी विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात प्रेक्षकांत हेच झेंडे नाचत होते. आणि २५ एप्रिल १९६३: केंद्राचे अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी अलाबामाचे राज्यपाल जॉर्ज वॉलेस यांना भेटायला आले, विषय होता विद्यापीठातली वर्णभेदाची बंदी उठवण्याचा. त्याच दिवशी वॉलेस यांनी विधानभवनाच्या घुमटावर हा झेंडा चढवला.

शूर आजोबांची आठवण शंभर वर्षांत नेमकी याच दिवसांना का दाटून यावी? मला या प्रश्नाचे एकच उत्तर दिसते. शाळेच्या दारात उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय मुलाला ‘तुझी जागा ही नाही’ हे सांगायला तो झेंडा वर गेला. १८६१ चा अर्थ क्षणभर बाजूला ठेवला तरी १९६३ चा अर्थ उरतोच, आणि तो अनुभवलेली माणसे आजही हयात आहेत. त्यांना तो पुस्तकात शोधावा लागत नाही.

झेंड्याच्या बाजूने आणखी एक प्रश्न येतो. अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाखालीही ऐंशीहून अधिक वर्षे गुलामगिरी चालली, १९२५ साली गोऱ्यांचे वर्चस्व मागणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेने वॉशिंग्टनच्या रस्त्यावर मोर्चा काढला तो राष्ट्रध्वज घेऊनच, मग तोही काढणार का? प्रश्न योग्य आहे. फरक पुढच्या वाटचालीत आहे. राष्ट्रध्वजाखाली गुलामगिरी चालली हे खरे, पण गुलामगिरी मोडणारी फौजही त्याच ध्वजाखाली लढली आणि तिच्यात पावणेदोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शिपाई होते. १९६४ चा नागरी हक्क कायदा त्याच ध्वजाखाली झाला. फुलीच्या निशाणाला असा दुसरा अध्याय कधी मिळाला नाही. त्याच्या नावावर कोणतीही मुक्तता जमा नाही.

परदेशातल्या आपल्या लोकांना यात स्वस्तिक आठवेल, आणि आठवायलाच हवे. दाराशी स्वस्तिक काढले की शेजाऱ्याला समजावून सांगावे लागते. ‘आमच्या चिन्हाचा अर्थ आम्ही ठरवणार’ असे आपण म्हणतो, तर दक्षिणेतल्या माणसाने तसे का म्हणू नये? कारण स्वस्तिकाला नाझींच्या आधीची हजारो वर्षे आहेत, आणि त्यांच्यानंतरही ते कोट्यवधी घरांत पूजेचेच राहिले. निळ्या फुलीच्या लाल निशाणाला १८६१ च्या आधीचा एकही दिवस नाही. ते जन्मलेच त्या युद्धासाठी. तरीही माझे मत असे, की न्यूजर्सीतल्या ज्यू शेजारणीला आपले स्वस्तिक पाहून धस्स झाले, तर ‘अर्थ माहीत नाही तुम्हाला’ म्हणून दार लावून घेऊ नये, तिला घरात बोलावून सांगावे. ज्याला चिन्ह पाहून भीती वाटते त्याच्याशी बोलायचे ओझे चिन्ह लावणाऱ्यावर थोडे जास्तच असते.

आणि ‘दक्षिणेचा वारसा’ म्हणताना दक्षिण म्हणजे कोण? १८६० च्या शिरगणतीत फुटून निघालेल्या अकरा राज्यांत सुमारे ९१ लाख माणसे होती, त्यातली ३५ लाख गुलाम. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत तर निम्म्याहून अधिक माणसे गुलाम होती. त्यांचे वंशजही दक्षिणेचेच आहेत. २०१५ च्या उन्हाळ्यात सीएनएनने लोकांना विचारले तेव्हा ५७ टक्के अमेरिकनांना हा झेंडा दक्षिणेच्या अभिमानाचा वाटला, तर कृष्णवर्णीयांपैकी ७२ टक्क्यांना वंशद्वेषाचा. एकाच मातीतल्या माणसांची ही दोन उत्तरे.

कायदा काय म्हणतो हे थोडक्यात सांगतो. अमेरिकेत खासगी माणसाला आपल्या अंगणात हा झेंडा लावायला सरकार मनाई करू शकत नाही, अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी तिथल्या घटनेची पहिली दुरुस्ती आड येते. प्रश्न येतो तो सरकारने लावण्याचा. चार्ल्सटनच्या हत्याकांडाच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जून २०१५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की टेक्सासने गाडीच्या नंबरप्लेटवर हे निशाण छापायला नकार दिला तो योग्यच, कारण सरकारी नंबरप्लेटवर जे छापले जाते ते सरकारचे बोलणे असते. म्हणून खरा झगडा विधानभवनांच्या खांबांवर झाला. माझ्या अंगणातला झेंडा माझे मत सांगतो. विधानभवनावरचा झेंडा कृष्णवर्णीय करदात्याच्याही तोंडी ते मत घालतो.

दक्षिण आफ्रिकेने वेगळी वाट धरली. चार्ल्सटनच्या खुन्याच्या एका फोटोत त्याच्या जॅकेटवर दोन छोटे झेंडे शिवलेले होते: एक गोऱ्यांच्या राजवटीतल्या ऱ्होडेशियाचा (आजच्या झिंबाब्वेचा), दुसरा १९२८ ते १९९४ पर्यंतचा दक्षिण आफ्रिकेचा नारिंगी-पांढरा-निळा. हा दुसरा झेंडा २०१७ साली तिथल्या काही निदर्शनांत दिसला, तेव्हा नेल्सन मंडेला फाउंडेशन न्यायालयात गेले. २०१९ मध्ये न्यायमूर्ती मोजापेलो यांनी ठरवले की तो विनाकारण मिरवणे हे द्वेषपूर्ण वक्तव्य आहे. अभ्यास, कला, पत्रकारिता यांना त्यातून सूट आहे. २०२३ मध्ये वरच्या न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणांपुरता तो निकाल कायम ठेवला. मला स्वतःला सरकारी जागेवरून झेंडा काढणे पटते, माणसाच्या हातातून काढून घेण्याबाबत मात्र मन कचरते. पण वर्णभेदाची राजवट उलथून जेमतेम एक पिढी झालेल्या देशाला मी इथे बसून शिकवू नये, हेही कळते.

कोलंबियातल्या त्या खांबावर २७ जून २०१५ च्या सकाळी ब्री न्यूसम ही कृष्णवर्णीय तरुणी चढली आणि तिने झेंडा काढून खाली आणला. तिला अटक झाली आणि तासाभरात झेंडा पुन्हा चढवला गेला. मग विधिमंडळात रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली, दोन तृतीयांश मते पडली आणि १० जुलैला तो कायमचा उतरला. कायद्यावर सही करणाऱ्या राज्यपाल निकी हेली या पंजाबातून आलेल्या शीख कुटुंबातल्या. मिसिसिपीत २००१ च्या सार्वमतात जवळपास दोन तृतीयांश लोकांनी जुना राज्यध्वजच ठेवला होता. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मृत्यूनंतर जून २०२० मध्ये विधिमंडळानेच तो रद्द केला आणि नोव्हेंबरात मॅग्नोलियाच्या फुलाचा नवा ध्वज ७० टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाला. त्याच महिन्यांत नॅसकारच्या मोटारशर्यतींतूनही हे निशाण गेले.

जॉर्जियाची गोष्ट मात्र माझी सगळी मांडणी अवघड करते. १९५६ चा तो ध्वज तिथे २००१ मध्ये गेला आणि तो घालवणारे राज्यपाल रॉय बार्न्स पुढची निवडणूक हरले. मग तडजोड म्हणून २००३ मध्ये आणखी एक ध्वज आला: तांबडा, पांढरा, तांबडा असे तीन पट्टे, कोपऱ्यात निळ्या चौकोनात ताऱ्यांचे वर्तुळ, मध्ये राज्याची मुद्रा. ओळखीचा वाटतो ना? तो कॉन्फेडरसीच्या पहिल्या राष्ट्रध्वजावरूनच बेतलेला आहे. तारखांच्या हिशेबाने पाहिले तर गुलामगिरीच्या सरकारचा अधिकृत ध्वज तोच होता, फुलीचा नव्हे. पण १९४८ च्या प्रचारात तो कुणी नाचवला नाही, शाळेच्या दारात कुणाला तो दाखवून हाकलले नाही, म्हणून फार थोड्यांना तो ओळखू येतो आणि त्याहून थोड्यांना तो बोचतो. अटलांटात राहणारी आपली मंडळी रोज त्याच्याखालून ऑफिसला जातात.